अक्कानं माझ्यावर केलेली केस

"मी तुझ्यावर केस करते," अक्का म्हणाली, आणि माझ्या हातातली भाकर तव्यावर न पडता चुलीच्या राखेत पडली.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. धुळ्याच्या दवाखान्यात नर्स. मे महिन्याच्या सुट्टीत असोद्याला घरी आली, पिशवी ठेवली, पाणी पण प्यायली नाही, चुलीपाशी येऊन बसली आणि हे बोलली, ते पण हसत हसत. मला केस एकच माहीत. माझ्या माहेरी, शिरपूरकडं, काकांची बांधाची केस चालू होती, मी जन्मले त्याच्या आधीपासून. काकांचे दात पडले तरी ती मिटली नव्हती. आता नणंद माझ्यावर केस करणार म्हणजे माझ्या हातून झालं तरी काय? तिच्या पांढऱ्या साडीला मी मागं निळीचा डाग पाडला होता, तो का? का माझं बोलणं? मी अजून 'आहे'च्या जागी 'शे' म्हणायची आणि सासरची गल्ली हसायची, पण त्यावर काय कोर्टात जातात?

"अक्का, मी काय केलं?"

"काहीच नाही केलं. साधी बाई, घरातली, अंगावर पिणारं लेकरू. मला अशीच पाहिजे."

मी जास्तच घाबरले. मालकांना गोठ्यात गाठून सांगितलं, तर ते इतके हसले की म्हैस बिचकली. मग म्हणाले, अगं, अभ्यासाची केस. ती वरचं शिकते ना.

अक्काचं नर्सचं शिक्षण तर कधीच झालेलं, तीन वर्षांचं, नाव नोंदलेलं, नोकरी पण जुनी. तरी डोक्यावरचे केस पिकायला लागल्यावर हिला परत कॉलेज सुचलं. पुण्याला, दोन वर्षं, त्यातलं एक झालेलं, सगळं इंग्रजीत. सासूबाईंना ते बिलकुल पटलेलं नव्हतं.

"इतकं शिकून डागदरीन तं होनार नाही तू," त्या म्हणायच्या.

"नाही होणार. पण आजपर्यंत कोणी सांगितलं ते मी केलं. सुई दे, दिली. आता आपण तपासायचं, आपण ठरवायचं, हिला काय होतंय."

"मंग त्या म्हशीवर कर केस. दूध आटलं तिचं. ते सांग काय होऊ राह्यलं."

पण केस म्हशीवर नाही, माझ्यावर झाली. आणि मला त्याचा जो वैताग आला तो कोणाला सांगू. सकाळी पाणी भरायचं, शेण काढायचं, पोराला पाजायचं, कळण्याच्या भाकरी थापायच्या, आणि मध्येच अक्का येऊन बसायची. संडासला कुठं जाता, पाणी गाळता का, पोराला टोचलं का, घराला खिडक्या किती. घर तिचं, जन्म तिचा त्यात गेला, आणि खिडक्या मला विचारते.

"हिस्टरी सांग," म्हणाली एकदा.

"त्यात मी नापास, अक्का," मी म्हटलं. खरंच, सातवीत इतिहासातच गेले होते, तिथंच शाळा सुटली. अक्कानं कपाळाला हात लावला. हिस्टरी म्हणजे माझीच, आजारपणाची. मी म्हटलं, काही नाही, मी चांगली शे.

सगळ्यात वाईट म्हणजे जेवणाचं विचारायची, ते पण सासूबाईंच्या समोर. काल काय खाल्लं? मी काय सांगू? घरात बायका मागून जेवतात, भरीत केलं तर तोवर पातेल्याला पुसायला उरतं. मी म्हणायची, बठ्ठं खाल्लं, म्हणजे सगळं. तरी सासूबाई फुगायच्या. "आमी काय उपाशी ठेवतो का व हिले? लिहून घे, चांगलं लिही, पुन्याले कळू दे."

हे सगळं मी सोसलं असतं. पण मला खरी भीती दुसरीच होती. मला धाप लागायची.

पोरगं झाल्यापासूनचं ते. गल्लीच्या नळावरून हंडा घेऊन घरच्या पायऱ्या चढले की छातीत लोहाराचा भाता चालायचा, डोळ्यापुढं काळं यायचं, मी हंडा टेकवून पायरीवर बसायची, कोणी आलं की पदर सारखा करत उठायची. सांगायची सोय नव्हती. आमच्या गल्लीत एक सून आणली होती नशिराबादची, तिला दमा निघाला. महिनाभर हवा बदलायला म्हणून माहेरी धाडली ती धाडलीच. बायका अजून बोलायच्या, आजारी पोर गळ्यात मारली हो. मला रोज तीच दिसायची, बोचकं घेऊन एस.टी.त चढताना.

आणि आता ह्या घरात एक बाई आली होती, गळ्यात नळी घालून, खास माझ्यातलं काहीतरी शोधायला.

मग मी पण सुरू झाले. ती नखं बघायची, नखं दाबून पांढरी होतात का लाल. माझी पांढरीच होती, कागदासारखी. मी मेंदी लावली, बोटं बुडवून लावली, नखं लालबुंद. फिकी पडली की परत. सासूबाई म्हणाल्या, "काय व, रोज मेंदी? कोन्हाचं लगन हाये?" पापणी खाली ओढून बघायची, तर मी आधी चुलीत ओली काडी घालून धूर करायची, डोळे असे चुरचुरायचे की लाल नाही तर काय होतील. आणि मनगट धरून बसली की मला कळायचं, ही नाडी धरते पण बघते छातीकडं, श्वास मोजते. मी श्वास धरून ठेवायची. अगदी थोडा थोडा घ्यायची, चोरून, पाहुण्यासमोर लाडू खावा तसा.

"तू श्वास घेतेस का नाही गं?" अक्का घड्याळाकडं बघत म्हणायची. "हे कासवाचं माप आहे, माणसाचं नाही."

"आमच्याकडं असंच शे," मी म्हणायची, आणि ती उठली की कोठीत जाऊन पोटभर हवा खायची.

होता होता तिचे पुण्याला जायचे दिवस जवळ आले आणि अक्का चिडचिडी झाली. ओट्यावर बसून स्वतःशीच बोलायची. सगळं नॉर्मल, सगळं नॉर्मल. कॉलेजच्या मॅडम विचारतील, बाई, तू दवाखान्यात इतकी वर्षं काढली, दीड महिना घरी बसून एवढंच बघितलं? मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला काहीच कसं होत नाही गं?"

असं वाटलं की हातातलं पिठाचं ताट तिच्या अंगावर टाकावं. आजारी असलं तर माहेरची वाट, आणि चांगलं असलं तर हिचा अभ्यास बुडतो. बाईनं व्हावं तरी काय?

दुसऱ्या दिवशी मी पाणी भरून आले तेव्हा ती दारातच होती. म्हणाली, तुझं जाऊ दे, आज लेकराचा श्वास मोजू, त्याला घेऊन बस, हलू देऊ नको. मला बरं वाटलं. माझी सुटका. मी पोराला मांडीवर घेतलं, त्याला काजळाची डबी दिली खेळायला, त्याचे पाय धरले. अक्कानं त्याच्या पोटावर हात ठेवला, घड्याळ बघितलं. मी आपली पोराकडं बघत होते, नुकताच हंडा उतरवलेला, तोंड उघडं, छाती वरखाली. मिनिट झालं, ती थांबली नाही. परत मोजलं. मी वर बघितलं तर तिची नजर पोराच्या पोटावर नव्हतीच.

"जीभ काढ," ती म्हणाली.

जिभेला काही मेंदी लावता येत नाही. मी काढली. तिनं बघितली, मग माझा हात उलटा केला, लाल नखांवरून अंगठा फिरवला, आणि ती जरा पण हसली नाही, त्यानंच मला रडू आलं.

"कधीपासून शे हाई?" असं, माझ्या बोलीत. धुळ्याला राहून तिला ती येत होती, इतक्या दिवसांत एकदा बोलली नव्हती.

"अक्का, सासूबाईले सांगू नका. माले माहेर धाडी देतीन."

"आणि मी मूर्खासारखी नॉर्मल लिहीत बसले," ती म्हणाली. मला वाटलं ती माझ्यावर रागावेल. ती स्वतःवरच रागावली होती, उठून ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या तिनं. "नखं बघायची शिकवलं आम्हाला. बाई नखं का रंगवते, ते पण बघावं लागतं."

अक्कानं मालकांना बरोबर घेऊन बसनं जळगावला नेलं मला, बोट टोचलं, डॉक्टरांनी सांगितलं, रक्त फार कमी आहे, गोळ्या घ्या, खाणं वाढवा, काही महिने लागतील. घरी आलो. सासूबाई दारात. मालकांनी सांगून टाकलं. सासूबाई तेच बोलल्या, ज्याची मला भीती होती. "मंग असं करू, हिले महिनाभर माहेरी धाडू. आराम पडीन."

माझे पाय उंबऱ्यातच राहिले. पोरगं कडेवर, त्याचं वजन एकदम वाढलं.

अक्का चपला काढत होती. वर पण बघितलं नाही तिनं. "धाड," म्हणाली, "पण मग केस माहेरी गेली. मी काय लिहू? इथल्या इथं हिचं रक्त वाढलेलं दाखवलं नाही तर मी नापास. दोन वर्षं पाण्यात."

"नापास?" सासूबाई म्हणाल्या. शिकू नको म्हणणाऱ्या त्याच. पण मुलगी नापास झाली हे गल्लीत सांगायचं म्हणजे वेगळं.

"शेंगदाणे, गूळ, पालेभाजी. गोळी. पुरुषांच्या बरोबर जेवायला बसवायचं, उरलंसुरलं नाही. हंडा दुसऱ्यानं भरायचा."

"हंडा कोन भरीन?"

"तुझा ल्योक."

मालक म्हशीकडं बघायला निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी हंडा त्यांनीच आणला, गल्लीतल्या बायका बघत होत्या, ते मान खाली घालून आले.

अक्का पुण्याला गेली आणि मग खरा वैताग सुरू झाला. सासूबाई समोर बसून खाऊ घालायच्या. "खाय व, माही पोरगी नापास होईन." मेथी झाली की तांदुळजा, तांदुळजा झाला की गूळ-शेंगदाणे, गोळीनं तोंडाला लोखंडाची चव, पोट बिघडलं तरी सुटका नाही. शेजारीण आली की माझा हात धरून नखं दाखवायच्या, ही अक्काची केस. मी बाई राहिलेच नव्हते, परीक्षेचा पेपर झाले होते, आणि रोज कोणीतरी मला तपासत होतं. रागही यायचा आणि दुसऱ्या भाकरीला हात पण जायचा.

दिवाळीला अक्का आली ती पास होऊन. पेढे आणले. सासूबाईंनी एक पेढा देवापुढं ठेवला, एक तोंडात टाकला आणि विचारलं, "मंग मिटली ना केस?"

मी पणत्यांच्या वाती वळत होते. बोटं थांबली. मिटली म्हणजे आता हंडा परत माझा, जेवण मागून, आणि पायरीवर बसताना कोणी बघितलं तर माहेरची एस.टी., आणि ती अडवायला आता परीक्षा पण नाही.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मग आईकडं. "कुठं मिटते?" ती म्हणाली. "तारीख पडली. आता उन्हाळ्यात परत बघायचं."

"उन्हाळ्यात?"

"आणि त्याच्या पुढची त्या दिवाळीला."

सासूबाईंनी पेढा गिळला. मुलगी खोटं बोलते का खरं, ते त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. उठल्या, शेंगदाण्याचा डबा काढला आणि माझ्यापुढं आदळला. "बांधाची केस बरी," म्हणाल्या. "तिच्यात निदान खायले घालावं लागत नाही."

मला शेंगदाण्याच्या वासाचा पण वीट आला होता. मूठभर घेतले तरी. तोवर अक्का ओट्यावरून हाका मारायला लागली होती, इकडं ये, जीभ दाखव, आणि पोराला नको आणू, तुझाच श्वास मोजायचाय.