उचललेला भंडारा

कडब्याच्या गंजीमागं बसून माझा मुलगा म्हणाला, "आये, त्याला सांग, मी घरी न्हाई." चाळिशीचा बाप्या, गुडघ्यात डोकं घालून बसला होता. डोळे पिवळे झालेले, पोट फुगलेलं. अंगणात भिंगारचा चहावाला स्कूटर लावत होता. तो ह्यालाच न्यायला आला होता.

हा चहावाला आमचा कोणी नव्हे. आदल्या हिवाळ्यात मुलाला रक्ताची उलटी झाली, तेव्हा नगरच्या दवाखान्यात नर्स म्हणाली, दारू सोडलेली माणसं भिंगारला एका शाळेत मंगळवारी बसतात, तिथं न्या. शाळा कुठली, ते तिलाही माहीत नव्हतं. बरं वाटल्यावर त्याला घेऊन मी भिंगारला गेले. बाजारात विचारत फिरले. पानवाला म्हणाला, "आजी, दारू मिळायची जागा इचारा, डोळे झाकून सांगतो. सोडायची कुनाला ठावं?" चार माणसं हसली. मुलगा म्हणाला, "चल माघारी." मी त्याची बाही सोडली नाही.

शेजारच्या चहाच्या गाडीवर एकजण सगळं ऐकत होता. गिऱ्हाईक पांगल्यावर त्यानं हात धुतले, स्टोव्ह बंद केला आणि हळूच म्हणाला, "चला मावशी, मी तिकडंच निघालोय."

शाळेत तो दुसरीचा वर्ग होता. भिंतीवर पाढे लिहिलेले. लेकरांच्या बाकांवर मोठे बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. एकेक उठून आपण काय काय केलं ते सांगत होता. एकानं बायकोचं जोडवं विकलं होतं. मी चौथी शिकलेली बाई, असली शाळा पाहिली नव्हती. शेवटी मी पिशवीतून पुडी काढली. आमच्याकडं शपथ घ्यायची ती बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन. ती मोडणाऱ्याकडं देव पाठ फिरवतो.

"ह्याच्या हातात द्या," मी म्हणाले.

"ठेवा मावशी," चहावाला म्हणाला. "हितल्या सगळ्यांनी तो उचलून झालाय." सगळे हसले. माझा मुलगासुद्धा हसला.

"मग तुमी काय करता?"

"आजचा दिस प्यायची न्हाई. उद्याचं उद्या."

"आन् पिला तर?"

"तर परत यायचं. कोनी हाकलत न्हाई."

मला ते काही खरं वाटलं नाही. पण मुलगा दर मंगळवारी जायला लागला. भाकरी खायला लागला. सेंट्रिंगच्या कामावर जायला लागला. माहेरी गेलेली सून परत आली. मी पुन्हा शपथेचं काढलं नाही.

चैत्रात गावची जत्रा आली. त्याचा चुलता पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "आजच्यापुरती सोडली म्हंजी काय सोडली? मोकळं जनावर हाय ते. देवापुढं बांधा त्याला." मुलगा स्वतःच पुढं झाला. गावात पुन्हा मान वर करून चालायचं होतं त्याला. देवळात त्यानं भंडारा उचलला, जन्मात शिवणार नाही म्हणाला. लोकांनी पाठ थोपटली. त्यानंतर तो भिंगारला गेला नाही. "आता कशाला? देवापुढं बोललोय."

आखाडात तो कामाला होता त्या बंगल्याचा स्लॅब ओतला. स्लॅब ओतून झाला की मालकानं कामगारांना मटण आणि दारू द्यायची, ही आमच्याकडची रीत आहे. त्या दिवशी तो घरी आला तो देव्हाऱ्याकडं न बघता आत गेला. तोंडाचा वास मला उंबऱ्यातूनच आला. मग तो थांबलाच नाही.

"भिंगारला जा," मी म्हणाले.

"कुठल्या तोंडानं? भंडारा मोडला मी."

"तिथं परत घेत्यात की."

"ते घेतील. देव न्हाई घेत."

कैक महिने झाले हा दिसला नाही, म्हणून चहावाला गाव शोधत आला. मी खोटं बोलले नाही. "गंजीमागं हाय," म्हणाले. तो तिकडं गेला, पण मागं डोकावला नाही. कडब्याला पाठ लावून अलीकडं मातीत बसला.

"आरं, म्या दोनदा मोडलाय भंडारा," तो म्हणाला. "दोनदा. बाहेर ये."

मुलगा बाहेर आला नाही. सून चहा घेऊन गेली, तो तसाच निवला. ऊन गंजीवरून उतरेपर्यंत चहावाला बसला होता. मग उठून पँटीचा मागचा भाग झटकत माझ्याजवळ आला. "मावशी, मंगळवारी येतो. नेतोच त्याला."

मंगळवारच्या आत पुन्हा रक्त आलं. ह्या वेळी बादलीभर. नगरला नेताना जीपमध्येच, माझ्या मांडीवर, तो गेला. मी रडले नाही. लुगडं धुतलं, डाग निघाला नाही.

चहावाला सांगितल्याप्रमाणं आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला. चुलता आला नाही.

भिंगारला गेले की अजून त्याच्या गाडीवर थांबते. तो पैसे घेत नाही, मी ठेवून येते. दोनदा भंडारा मोडलेला तो माणूस जगला. माझ्या मुलानं एकदाच मोडला होता. घरात आता सून आहे आणि मी आहे.