खांब बदलणाऱ्याची बायको

मॉरीन डन्स्टन चर्चमागच्या हॉलमध्ये दुपारी इंग्रजी शिकवायची, तेही फुकट. शिकणारी मंडळी गावातल्या मांसाच्या कारखान्यातली, कोणी टोंगा बेटांवरचं, कोणी काँगोचं, कामाची पाळी संपवून थेट आलेली. त्यांना झोप आवरत नसे, आणि हल्ली बाईंनाही. आधी जांभई कोण देतं, एवढाच काय तो प्रश्न.

त्या गुरुवारी मेले नावाची टोंगाची थोराड बाई वैतागूनच आली होती.

"बाई, सुपरवायझर म्हणतो, पट्ट्याचा जोड रीइन्फोर्स करा. डॉक्टरीण म्हणते, गुडघा स्ट्रेंग्दन करा. दुधाच्या डब्यावर लिहिलंय फॉर्टिफाय. सगळ्यांचा अर्थ ताकद देणं. मग एकच शब्द ठेवायला काय झालं होतं तुम्हा लोकांना?"

मॉरीनने फळ्यावर घर काढलं. इथली सगळी घरं असतात तसंच, लाकडी आणि बुटक्या खांबांवर उभं. तिचा नवरा रेज याने उभी हयात अशा घरांखाली सरपटत, वाळवीने खाल्लेले खांब बदलण्यात घालवली होती.

"रीइन्फोर्स म्हणजे आहे त्यात दुसरं काही घालायचं. सिमेंटमध्ये लोखंडी सळई घालतात तसं. स्ट्रेंग्दन म्हणजे त्या वस्तूचाच जोर वाढवायचा. तुझ्या गुडघ्यात कोणी सळई घालणार नाहीये, मेले, व्यायामाने गुडघाच घट्ट व्हायचाय. आणि फॉर्टिफाय म्हणजे पुढे काही चालून येणार म्हणून आधीच तयारी. वादळ येण्याआधी खिडक्यांना फळ्या ठोकतो ना, तसं. दुधात म्हणून जीवनसत्त्व घालतात, हाडं ठिसूळ व्हायच्या आधी."

"आणि सपोर्ट?"

"ते वेगळंच. त्याने वस्तू मजबूत होत नाही. नुसता तिचा भार दुसरं कोणीतरी घेतं. आमचा रेज खांब काढायच्या आधी जॅक लावायचा. घराचा भार जॅकवर गेला, की मगच खांबाला हात. डोक्यावर घर असताना खांब दुरुस्त होत नसतो."

हे सगळ्यांनी ऐकलं, फक्त बोलणारीनेच नाही.

"मग तुमचा जॅक कुठाय, बाई?" मेलेने विचारलं.

"गॅरेजमध्ये. गंजलाय."

वर्ग हसला आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

रेजला कंपवात होता. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, सगळं मॉरीनवर. ती स्वतः सत्तरीला आलेली. चर्चच्या बायका शिजवलेलं मटण आणून देत आणि दारातूनच "खंबीर राहा हं" म्हणत. पर्थहून बहीण फोनवर सांगायची, "तू आहेस म्हणून, दुसरी असती तर मोडली असती." व्यायाम शिकवणाऱ्या पोरीने पाठीसाठी रबरी पट्टा दिला होता. कौतुकाला तोटा नव्हता, पण रेजच्या काखेत हात घालायला एक माणूस मिळत नव्हता.

गावच्या वृद्धाश्रमात रेजसाठी काही आठवड्यांपुरती खाट रिकामी झाली होती. उद्या दुपारपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतो, असा निरोप होता. मॉरीन कळवणार नव्हती. रेजचा बाप तिथेच गेला, भिंतीकडे तोंड करून बसवलेला. "मला तिथे टाकू नकोस," असं रेज म्हणाला होता आणि तिने शब्द दिला होता.

वर्गावरून ती घरी आली आणि रेजला खुर्चीतून उठवायला वाकली. त्याचा भार तिला पेलला नाही. दोघंही जमिनीवर आले. लागलं कोणालाच नाही, पण उठताही येईना. दोघं शेजारी शेजारी छताकडे बघत पडून राहिले.

मग रेजने थरथरती मूठ तिच्या खांद्यावर ठोकली. घराखाली पडून हातोडीने खांब ठोकून बघायचा, तसंच.

"पोकळ वाजतंय, म्हातारे."

"गप्प पड."

"आडवं पडून ऐकलेलं माझं कधी चुकलेलं नाही. वरून रंग छान आहे. आतून गेलंय."

"मी तुला शब्द दिलाय, रेज."

"मलाच दिलायस ना? मग मी म्हणतो, सोड तो. फोन लाव त्यांना. जॅक लाव."

ती रडली. दोन वर्षांचं साचलेलं एकदम आलं. दमले, दमले, दमले रे, एवढंच म्हणत राहिली, आणि रेज तिचा खांदा थोपटत राहिला. थांबवू म्हटलं तरी तो हात थांबणारा नव्हताच.

शेवटी तिने फोन ओढून मेलेला बोलावलं. कारखान्यात कापलेले अर्धे-अर्धे बैल उचलणाऱ्या त्या बाईने रेजला एका हिसक्यात खुर्चीत ठेवलं आणि मॉरीनला म्हणाली, "गंजलेल्या जॅकची वाट बघत बसलात होय? मला नाही का हाक मारायची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉरीनने वृद्धाश्रमात कळवलं आणि रेज तिकडे राहायला गेला. जाताना मॉरीनने शर्टाची बटणं लावली तेव्हा म्हणाला, "नव्या खांबाचं ताजं सिमेंट वाळेपर्यंत जॅक काढायचा नसतो. त्याआधी न्यायला येऊ नकोस."

ती घरी येऊन झोपली. उठून पाव खाल्ला, परत झोपली. रिकामी खुर्ची बघून जीव तुटायचा, तरी झोप यायची, आणि त्याचीही लाज वाटायची. आठवडाही झाला नाही, तोच ती रेजचा कोट घेऊन आश्रमात पोचली.

रेज भिंतीकडे तोंड करून बसलेला होता. शर्टावर चहा सांडलेला, गाल आत गेलेले. तिला बघून त्याचे डोळे भरून आले.

"चल घरी," ती म्हणाली.

त्याने कोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिला खाली वाकायला लावलं, खांद्यावर मूठ ठोकली आणि कान देऊन ऐकलं.

"अजून ओलंय," तो म्हणाला. "जा घरी. फक्त जाताना मला तेवढं खिडकीकडे वळव."

तिने खुर्ची वळवली, कोट त्याच्या मांडीवर पसरला आणि ती गेली.