अक्काताईच्या जेवणाची वेळ

राजश्रीचं वैर एकाच बाईशी होतं आणि ती बाई म्हणजे तिची थोरली जाऊ. आता जावाजावांचं भांडण म्हटलं तर घरोघरी मातीच्या चुली, त्यात सांगण्यासारखं ते काय? पण राजश्रीनं या भांडणात मोबाईल असा काही वापरला की ऐकणाऱ्यानं तोंडात बोटं घालावीत.

थोरलीचं नाव अक्काताई. निपाणीपासून आठ-नऊ मैलांवर खेडं, तिथं या जैनांचं घर. तंबाखूची शेती, दावणीला चार म्हशी. भाऊ दोन, जिनदत्त आणि गोमटेश. अक्काताई जिनदत्तची बायको. सतरा वर्षं झाली लग्नाला, पण कूस उजवली नाही. राजश्री धाकट्या गोमटेशची. तिला दुसऱ्याच वर्षी मुलगी झाली, दिव्या. झाली ती झाली, पण बाळंतपणात राजश्रीच्या अंगात विष भिनलं. दोन महिने बेळगावच्या दवाखान्यात आणि पुढं पाच महिने चिकोडीला माहेरी. सात महिने बाई अंथरुणाला खिळून होती.

मग सात दिवसांचं ते पोर कुणी वाढवलं? अक्काताईनं. म्हशीचं दूध पातळ करून वाटी-चमच्यानं पाजलं, तेल लावून न्हाऊ घातलं, छातीवर झोपवलं. राजश्री बरी होऊन सासरी आली, हात पसरून "ये माज्या बाळा" म्हणाली, तर दिव्यानं तिच्याकडं बघून किंकाळी फोडली आणि अक्काताईच्या खांद्यात तोंड खुपसलं. वर "अव्वा, अव्वा" म्हणून रडायला लागली. अव्वा म्हणजे आई. सीमेवरच्या गावात निम्मं कानडी बोलतात, पोराच्या तोंडी तोच शब्द बसला होता. अक्काताई आपली साध्या मनानं म्हणाली, "तिला तुजी सवय न्हाय गं अजून. हुईल हळूहळू."

हे वाक्य राजश्रीच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. आपल्या पोटच्या पोरीची आपल्याला सवय नाही, आणि हे सांगणार कोण, तर वांझ जाऊ! तिचं दुःख खोटं नव्हतं, ते कबूल केलं पाहिजे. पण दुःख झालेली माणसं काय थोडी असतात? सगळीच काही पुढं राजश्रीसारखी वागत नाहीत.

दिव्या तीन वर्षांची झाली तशी राजश्रीनं नवऱ्याच्या मागं टुमणं लावलं. पोरीला इंग्लिश शाळेत घालायची, निपाणीला घर करायचं. गोमटेश म्हणजे गरीब गाय. वाटणी झाली, त्याला निपाणीत एका व्यापाऱ्याच्या वखारीत कामही मिळालं. निघायच्या दिवशी दिव्यानं अक्काताईचा पदर मुठीत धरला तो सोडेना. राजश्रीनं एकेक बोट उकलून तो सोडवला. म्हणाली, "निपाणीत माज्या उंबऱ्याला पाय लावलासा तर पोरीला घिऊन माहेराला जाईन, मग तुमच्या दिराचा संसार मोडल्याचं पाप तुमच्या डोक्यावर." अक्काताईनं कधी पाय लावला नाही.

इथं कुणीही म्हणेल की जिंकली राजश्री, आता बसावं गप. पण नाही. दोन वर्षं गेली, पोर मम्मी-मम्मी करायला लागली, अव्वा कोण ते पार विसरली, तरी हिच्या जिवाला चैन पडेना. कारण हे सगळं अक्काताईला दिसत कुठं होतं? तिला दिसायला पाहिजे, तिनं तळमळायला पाहिजे, तरच ह्या जिंकण्याला चव.

त्याच सुमारास राजश्रीला व्हिडिओचा नाद लागला. गल्लीच्या तोंडाला निशांतचं मोबाईलचं दुकान होतं. ही दिव्याच्या नाचाच्या, गाण्याच्या रील टाकायची आणि बघणारी माणसं मोजून अकरा. एक दिवस ती निशांतला म्हणाली, "काय रं, माज्या पोरीत काय कमी हाय?"

"पोरीत न्हाय वैनी, टायमात कमी हाय," निशांत म्हणाला. "तुमी टाकतासा भर दुपारी, तवा बघणार कोण? सकाळी सात, न्हायतर सांजचं सात ते नऊ. पर खरं सांगू काय, असला ठरलेला टाईम काय नसतोय. आपली माणसं कवा मोकळी असत्यात ते बघायचं आणि तवाच टाकायचं."

"आणि कोण बघितलं ते कळतंय व्हय?"

"रीलमधी न्हाय कळत. स्टेटसला टाकलासा तर नावानिशी कळतंय. किती वाजता बघितलं, ते सुदीक."

राजश्री घरी आली आणि रीलचा नाद तिनं त्याच दिवशी सोडला. हजार माणसं घेऊन तिला काय लोणचं घालायचं होतं? तिला माणूस एकच पाहिजे होतं. अक्काताईचा नंबर तिच्याकडं होता, हिचा तिच्याकडं होता. डेअरीच्या दुधाचे मेसेज यायचे म्हणून जिनदत्तनं बायकोला चांगला फोन घेऊन दिला होता.

पहिल्या दिवशी तिनं सकाळी सातला टाकलं. अक्काताईनं बघितलं दुपारी बाराला. बरोबरच आहे, सकाळी शेणघाण, धारा, न्याहारी. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला टाकलं, बघितलं अडीचला. आठवडाभर राजश्री एखाद्या शास्त्रज्ञासारखी वेळा लावत बसली. मग एकदा दिवस कलता टाकलं, पावणेसहाला, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत यादीत नाव आलं, अक्काताई.

राजश्रीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अक्काताई त्या वेळी ताटावर बसते! जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, एकदा दिवस बुडाला की पाण्याचा थेंब नाही. अक्काताईनं तो नेम तापातसुद्धा मोडला नव्हता. आता ती ताट वाढून घेणार, फोन बघणार, पोरगी दिसणार, घास घशात अडकणार, डोळ्याला पदर लावून बसणार आणि तेवढ्यात दिवस बुडणार. मग काय? रात्रभर उपाशी. रोज. राजश्रीला स्वतःच्या अकलेचं भारी कौतुक वाटलं.

तेव्हापासून भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्त बघून ती वेळ ठरवायची. थंडीत साडेपाचला, उन्हाळ्यात साडेसहाला. सूर्यास्ताआधी अर्धा तास, त्यात एका मिनिटाचा फरक नाही. गोमटेशला स्वतःच्या बायकोचा वाढदिवस ध्यानात राहत नव्हता, हिला सूर्य तोंडपाठ झाला.

आणि व्हिडिओ तरी कसले? दिव्या राजश्रीच्या गळ्यात पडून म्हणतेय, "माजी मम्मी जगात लई भारी." दिव्याला राजश्री भरवतेय. दिव्या तापात निजलीय आणि राजश्री कपाळावर हात ठेवून बसलीय. पण सगळ्यांवर कडी केली ती एका व्हिडिओनं. राजश्रीनं पोरीला चॉकलेट दिलं, फोन समोर धरला आणि विचारलं, "दिव्या, अक्काताई कोण गं?"

पोरीनं चॉकलेट चघळत मान हलवली. "माहीत न्हाय."

"अक्काताई, अक्काताई. आठवत न्हाय?"

"अक्काताई?" पोर हसली. "न्हाय."

गोमटेशनं तो बघितला. बिचाऱ्याचा चेहरा पडला. "असलं नको गं टाकूस," तो म्हणाला. "वैनीनं पोरीला जगवलंय. तिचा तळतळाट लागंल."

"लागू दे की," राजश्री म्हणाली. "लागला म्हंजी तरी कळंल, पोचलं म्हणून." आणि टाकला. अर्ध्या मिनिटात अक्काताईनं बघितला. राजश्री त्या संध्याकाळी स्वतः दोन घास जास्त जेवली.

असे चौदा महिने गेले. एक दिवस चुकला नाही. यादीत अक्काताईचं नाव पहिलं आणि नावापुढची वेळ ताटाची. राजश्री नुसती ती वेळ बघून जावेचं गळालेलं तोंड डोळ्यासमोर आणायची. खरं तोंड तिनं तीन वर्षांत बघितलं नव्हतं. कुणाला विचारणार? विचारलं तर कमीपणा.

जानेवारीत एका बाजाराच्या दिवशी जयाबाई दारात उभी राहिली. जयाबाई म्हणजे गावाकडची शेजारीण, अक्काताईच्या गोठ्याला लागून तिचं घर. हातात तुपाची बरणी. राजश्रीनं तिला आत घेतलं, चहा टाकला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणतीया आमची अक्का? वाळली असंल न्हवं?"

"वाळली?" जयाबाई हसायलाच लागली. "काय तरीच तुजं! चांगली भरलीया की अंगानं. वाळली हुती ती आदी, तू पोरीला घिऊन आलीस तवा. दोन वरसं सांजचं जेवली न्हाय बग ती. ताट वाडायची आणि तसंच म्हशीला घालायची. जिनदत्त अण्णा हात टेकून बसल्यालं. आमी म्हणलं, ही काय जगत न्हाय."

राजश्री पुढं सरकली. "मग?"

"मग काय, तू ते पोरीचं व्हिडिओ सोडाय लागलीस आणि बाई जित्ती झाली! आता सांजचं दोन ताटं वाडती. एक तिचं, एक दिव्याचं. फोन तांब्याला टेकून उबा करती आणि पोरीसंगट जेवती. 'खा गं माजी बाय, आज मम्मीनं काय केलंय' असं बोलती बग त्याच्यासंगट. गल्लीतल्या बायकांनी किती सांगितलं, अगं तुला जळवाय टाकतीया ती. तर म्हणती कशी, 'जळवायचं असतं तर कवाबी टाकलं असतं. माज्या जेवायच्या टायमालाच कशी धाडंल? उनाळ्यात येळ बदलली, थंडीत बदलली, तरी राजश्रीनं माजं ताट चुकवलं न्हाय. मला घास जावा म्हणून पोरीला रोज ताटावर आणून बसवती. तोंडानं कडू हाय, पर काळीज लई मोठं हाय तिचं.'"

राजश्रीनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, "आणि ते, अक्काताई कोण म्हणून इचारल्यालं?"

"त्यो तर गावभर दावलाय तिनं! म्हणती, 'माजं नाव घेतलं बगा पोरीनं. कशी हसली बगा.' ही बरणी तिनंच दिलीया तुला. म्हणाली, माजा आशीर्वाद सांग."

जयाबाई गेली. राजश्रीनं बरणी उघडलीसुद्धा नाही, शेजारणीला देऊन टाकली. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. चौदा महिने! चौदा महिने सूर्य मोजून, पोरीला पढवून तिनं त्या बाईला जेवू घातलं होतं. आपल्याच हातानं, रोज, वेळेवर. दुसरी एखादी असती तर इथं शरमेनं पाणी पाणी झाली असती, पोरीचा हात धरून गावची एसटी पकडली असती. राजश्रीच्याही मनात तसं काही क्षणभर आलं असेल तर देव जाणे. आलं तरी टिकलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं सेटिंगमध्ये जाऊन अक्काताईला वगळलं. स्टेटस सगळ्यांना दिसेल, तिला सोडून. दुसऱ्या दिवशीही तसंच आणि तिसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना फोन वाजला. तीन वर्षांत पहिल्यांदा अक्काताईचा फोन.

"राजश्री, पोर बरी हाय न्हवं गं?" अक्काताईनं विचारलं. "तीन दिस दिसली न्हाय. जीव थाऱ्यावर न्हाय बग माजा. मी येत न्हाय तिकडं, शबूद दिलाय तुला. निस्तं सांग, बरी हाय न्हवं?"

दिव्या समोर गॅलरीत बाहुलीची वेणी घालत बसली होती. राजश्री तिच्याकडं बघत म्हणाली, "बरी हाय. तुमी जेवलासा काय, अक्का?" किती दिवस हा प्रश्न तिला विचारायचा होता!

"न्हाय गं. तीन दिस झालं, घासच उतरंना. दोन्ही ताटं हैतच तशी वाडल्याली. एकदा तोंड दाव पोरीचं, लगेच बसते जेवाय. अजून दिस हाय वाईच."

राजश्रीनं कॅलेंडरकडं बघितलं. सूर्यास्त सहा वाजून सतरा मिनिटं.

"आत्ता टाकते, अक्का," ती गोड आवाजात म्हणाली. "फोन जवळच ठेवा. आणि ताटावरनं उठू नकासा."

"तुजं लई चांगलं हुईल बग, राजश्री," अक्काताई म्हणाली.

राजश्रीनं गॅलरीत जाऊन दिव्याचा व्हिडिओ घेतला. वेणी दाखव म्हणाली, हस म्हणाली. पोर छान हसली. मग सेटिंगमधून अक्काताईचं नाव मोकळं केलं आणि फोन मांडीवर ठेवून खुर्चीत बसून राहिली. सहा वाजून दहा झाले. अक्काताईचा एकदा फोन येऊन गेला, तिनं उचलला नाही. पलीकडच्या गच्च्यांवरचं ऊन आधी पिवळं झालं, मग तांबडं झालं, मग गेलं. गोमटेश वखारीतून आला, चप्पल काढता काढता म्हणाला, "काय गं, दिवा न्हाय लावलीस?"

"लावते," ती म्हणाली.

सहा वाजून वीस मिनिटांनी तिनं व्हिडिओ टाकला. नाव लगेच आलं, त्याच मिनिटाला. समोरची दोन ताटं तशीच उचलून ठेवली असणार, हे राजश्रीला कुणी सांगायला नको होतं. ह्या खेपेला तिचा अंदाज चुकला नव्हता.