एका टायमाले एकच डबा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर चहासोबत फरसाण खावं तसे वाचतोय. कुरकुरीत लागतात, पोट काही भरत नाही. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... आमच्या नाचणगावातही असल्या गोष्टींना तोटा नव्हता. माझा स्वभाव पहिल्यापासून खोचक. कोणी सांगायला बसलं की मी मध्येच विचारायचो, "भुताले लोडशेडिंगचा टाइम माहीत असते का?" त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ओळखीचे लोक हसतील. हसू द्या. घडलं ते एप्रिल २००८ मध्ये, भर दुपारी, आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो.

नाचणगाव म्हणजे पुलगावला लागूनच. तिथे आमची पिठाची चक्की. रस्त्याच्या बाजूला चक्कीची खोली, मागे घर, मध्ये एक दार. बाबांना सगळं गाव 'भाऊ' म्हणायचं. नव्वदच्या दशकात संध्याकाळी डब्यांची अशी रांग लागायची की समोरून सायकल काढणं मुश्कील. पण गंमत अशी की बाबा डबे रांगेनं घ्यायचेच नाहीत! आधी सगळ्यांची ज्वारी, मग सगळ्यांचा गहू, शेवटी हरभऱ्याची डाळ. धान्य बदललं की आधीचं पीठ दगडात अडकून राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं, म्हणून एकसारखं धान्य एकत्र. तीस-तीस डबे नुसते डोक्यात. कोणाचा कोणता, कोणाला जाड, कोणाला बारीक. चिठ्ठी नाही, खडू नाही. आणि चक्कीच्या घरघरीवरून पार रस्त्यापलीकडे पोचणारा आवाज — "सुशीलाबाई, तुमचं झालं होऽऽ!"

बारावीच्या सुट्टीत मी एकदा हीच हुशारी करायला गेलो. सहा डबे एकदम घेतले, क्रम माझ्या मनानं लावला, आणि समोरच्या सुशीलाकाकूंची भगर गव्हानंतर लगेच दळून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी एकादशी. काकू अर्धं थालीपीठ हातात घेऊनच आल्या, "भाऊ, तुमच्या पोरानं माहा उपास मोडला!" रांगेतले सगळे हसले. बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, "झेपत नाई तं काऊन करतं बे? एका टायमाले एकच डबा घे. दळ, दे, मंग दुसरा." आजही गरम पिठाचा वास आला की मला ती संध्याकाळ आठवते, आणि खरंच डोळ्यांत पाणी येतं.

पुढे मी कॉम्प्युटरकडे वळलो. पुलगावात छोटा क्लास काढला आणि फावल्या वेळात लिनक्सच्या कर्नलमध्ये डोकं घालायचा नाद लागला. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार पाहणारा मुख्य प्रोग्रॅम. पण पुलगावला फौजेचा डेपो, त्यामुळे आई चारचौघींत सांगायची, "राजू कर्नलसायबाचं काम पाह्यते." त्यावर मला दोन स्थळंही सांगून आली होती.

२००७ मध्ये बाबांना गळ्याचा कॅन्सर निघाला. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात मी बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि माइक लावला. "डबड्याशी काय बोलू बे?" असं म्हणत म्हणत ते तीन दिवस बोलले. अकरा फाइली झाल्या. चक्की कशी घेतली, माझा जन्म झाला तेव्हा पाऊस किती होता, आणि एका फाइलमध्ये तर आईला नुसत्या हाका — "अवो, आयकता का?"

ऑपरेशन झालं. गळ्याला छिद्र राहिलं, त्यात पिठाची धूळ जाणं धोक्याचं, म्हणून चक्की बंद केली. बाबांच्या हातात पाटी-पेन्सिल आली. आणि मी, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, नागपूरहून मोठी नवी हार्ड डिस्क आणली, सगळं त्यावर टाकलं आणि जुनी विकून टाकली. सीडी काढू, काढू म्हणत राहून गेली.

आठ महिने आईनं ते रेकॉर्डिंग ऐकायचं नाव काढलं नाही. एप्रिलमध्ये एक दिवस बाबा झोपलेले असताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "लाव रे. पाहू दे आयकून." मी हाकांची फाइल लावली. "अवो, आयक—" आणि आवाज तुटला. स्क्रीन गोठली. डिस्कमधून कट्... कट्... असा आवाज. आई "जाऊ दे" म्हणून आत गेली.

पुढचे पंधरा दिवस माझे काय हाल झाले ते माझं मला माहीत. फाइली दुसरीकडे कॉपी करायला घेतल्या की मशीन गोठायचं. बंद करून चालू करावं तर आणखी काहीतरी खराब झालेलं असायचं. अकरापैकी तीन फाइली गेल्या, आठ उरल्या. केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला. कर्नल लिहिणाऱ्या लोकांच्या ईमेल लिस्टवर विचारलं, तर उत्तर आलं, डिस्क मरतेय, मिळेल तेवढं लवकर काढून घ्या. मी आणखी घाई केली, आठही फाइली एकदम ओढायला लागलो. माझी धडपड पाहून बाबांनी एकदा पाटीवर लिहिलं, 'राहू दे.' मला त्यांचा भयंकर राग आला. राहू दे काय? माणसाचा आवाज जातोय इथे!

हे घडलं त्या दिवशी दुपारी तीन वाजता लाइट आली. मी आतल्या खोलीत कॉपी सुरू केली, पाचव्या मिनिटाला पुन्हा सगळं गोठलं. मी टेबलावर मूठ आपटली. स्पीकर तेव्हा जोडलेलेही नव्हते, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं तुम्ही तेच विचाराल. आणि चक्कीच्या खोलीतून आवाज आला —

"घाई नको करू बे! एका टायमाले एकच डबा घे!"

खणखणीत. आधी घसा खाकरला, मग वाक्य. मी सवयीनं "हो बाबा" म्हणालोसुद्धा! आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कर्नल या डिस्कला एका वेळी एकतीस कामं सांगत होतं. नव्या डिस्कना तशी सोय असते. सगळी मागणी आधी घेऊन ठेवायची आणि आपल्या सोयीच्या क्रमानं पुरी करायची, अगदी बाबांच्या चक्कीसारखी. पण ही डिस्क म्हणजे बारावीतला मी. डबे घ्यायची सगळे आणि कोणाचा कोणता तेच विसरायची.

मशीन पुन्हा चालू केलं. सिस्टममध्ये एक इवलीशी फाइल असते, तिच्यात ३१ लिहिलेलं होतं. तिथं १ लिहिला. एक मागणी, ती पुरी झाली की दुसरी. कॉपी सुरू केली. पहिली फाइल आली. दुसरी आली. हाकांची आली. वीस मिनिटांत आठही फाइली सुखरूप.

"बाबा, झालं!" मी ओरडलो. आणि ओरडल्यावर मला कळलं की मी कोणाच्या आवाजाला ओ दिली होती.

चक्कीच्या खोलीत गेलो. कोणी नाही. यंत्रावर आठ महिन्यांपूर्वी टाकलेलं पोतं तसंच. बाबा बाहेर ओट्यावर बसलेले, रस्त्याकडे नाही, खोलीच्या दाराकडे टक लावून. तेवढ्यात समोरून सुशीलाकाकू कमरेवर डबा घेऊन रस्ता ओलांडत आल्या.

"भाऊ, चक्की सुरू केली का? मंघाशी आवाज आयकला तुमचा, तं म्हटलं गहू पाखडून घेऊनच जातो..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष बाबांच्या गळ्याच्या रुमालाकडे गेलं. डबा त्यांनी ओट्यावर ठेवला आणि त्याच्याशेजारीच बसल्या. आवाज ऐकला, गहू पाखडला, डबा भरला, आणि एवढ्या वेळात बाईंना आठवलंच नाही की भाऊला आता बोलता येत नाही.

मी बाबांना विचारलं, "तुम्ही आयकलं?" त्यांनी पाटी ओढली.

'आवाज माहाच होता. मी नाई बोललो.'

आई स्वयंपाकघरात होती, चक्कीच्या खोलीला माझ्यापेक्षा चार पावलं जवळ. तिला काहीही ऐकू आलं नव्हतं. तिनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, "मंग मलेच काऊन नाई आला?"

मी ईमेल लिस्टवर कळवलं. ज्या डिस्कना एका वेळी एकच काम द्यायचं त्यांची यादी कर्नलमध्ये असते, पुढच्या आवृत्तीत आमच्या डिस्कचं मॉडेल त्यात आलं. एकानं विचारलं, हे सुचलं कसं? मी लिहिलं, अंदाज. दुसरं काय लिहिणार होतो?

उत्तर मी कमी शोधलं नाही. आठही फाइली कानाला हेडफोन लावून ऐकल्या, ते वाक्य कुठेच नाही. गेलेल्या तीन फाइलींतही नव्हतं, बोलताना मी समोरच बसलो होतो. माझ्या डोक्यातली जुनी आठवण म्हणावी, तर काकूंच्या गव्हाचं काय? बाबांच्या पाटीचं काय?

बाबा २०११ मध्ये गेले. आई आता थकली आहे, तरी दुपारी कधीतरी माझ्याजवळ येऊन बसते. मी हाकांची फाइल लावतो. ती पूर्ण ऐकते, पदर डोळ्यांना लावते, आणि दरवेळी म्हणते, "आता ते लाव ना बाप्पा. तुमी तिघायनं आयकलं ते."

ते तेवढं माझ्याजवळ नाही.