टाकीतलं पितळ

गेल्या फेब्रुवारीपर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. आजही एकाच माणसाला ठाऊक आहे. तुम्ही दुसरे. तुम्हाला का सांगतोय? — खरं सांगू, मलाही नीट कळलेलं नाही. आम्ही कोल्हापूरची माणसं तोंडावर बोलतो, पोटात काही ठेवत नाही, असं छाती ठोकून सांगत असतो. मीही सांगायचो. आणि मी साडेचार वर्षं पोटात ठेवलं.

आधी माझं काम सांगतो, कारण त्याशिवाय ही लाज पुरती कळायची नाही. मी फौंड्रीच्या लॅबमध्ये आहे. तीस वर्षं झाली. भट्टीतल्या रसाचा नमुना घ्यायचा, त्यात कुठला धातू किती आहे ते तपासायचं, आणि सही करायची. माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. धातू म्हटलं की आमच्या भागात माणसं मला विचारायला येतात. मला ते आवडतं. आवडायचं.

सुलभा, माझी बायको, वेंगुर्ल्याची. लग्न होऊन घाट चढून आली आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांत रमली. तांबडा-पांढरा रस्सा माझ्या आईपेक्षा चांगला करायला लागली. पण समुद्राचं नाव निघालं की जरा गप्प व्हायची. आमच्या निखिलला हे लहानपणापासून दिसत असणार. सहा वर्षांपूर्वी पुण्याला नोकरीला जाताना त्याने आईसाठी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आणून ठेवली. दोन फुटी. गाळलेल्या पाण्यात खास मीठ कालवायचं, लिटरला ठरलेलं वजन, आणि दर रविवारी थोडं पाणी बदलायचं. दोन निळे मासे, एक लाल पट्ट्याची कोळंबी, काचेवर फिरणारे चार शंख, आणि एक नारिंगी जोडी. त्या जोडीला सुलभाने माहेरच्या शेजाऱ्यांची नावं ठेवली होती — आबा आणि काकी — कारण दोघं दिवसभर भांडायची आणि झोपायची मात्र एकाच कोपऱ्यात.

वर्षभर ती टाकी तिने अशी सांभाळली की दुकानदार म्हणाला, "वहिनी, खाऱ्या पाण्याची टाकी कोल्हापुरात टिकत न्हाय. तुमची टिकली की!" मिठाच्या वजनात एका ग्रॅमची चूक नाही. सकाळी चहाच्याही आधी टाकी. काचेवर बोट ठेवलं की आबा बोटाशी यायचा.

मग एक दिवस पंपाची प्लास्टिकची तोटी तडकली. दुकानदार म्हणाला, आठ दिवसांत नवी मागवतो. आठ दिवस कशाला? मी घरी असताना? कारखान्यातून एक पितळी जोड आणला, घासून बसवला, वर क्लिप आवळली. दहा मिनिटांचं काम. पाणी पुन्हा खळाळायला लागलं. "बघ," म्हणालो, "प्लास्टिक मोडतं. हे जन्मभर जाईल."

पहिल्यांदा शंख गेले. काचेवरून सुटून खाली पडायचे, पुन्हा चढायचे नाहीत. मग कोळंबी. मग एक निळा मासा खाणं सोडून कोपऱ्यात धापा टाकत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी आडवा झाला.

आम्ही दोघं शोधायला बसलो. अमोनिया तपासला, पिवळाच रंग आला, म्हणजे ठीक. पाण्याचं तापमान ठीक. खाणं बदललं. वाळू धुतली. दुकानदाराने रोगाचं बघितलं, अंगावर ठिपका नाही, पांढरं काही नाही. सुलभाने वहीत रोजचं लिहून ठेवलं होतं. ती वही पुढे धरून एके दिवशी म्हणाली, "अहो, पाणी बदललं की दोन दिवस सगळे बरे असतात. मग परत ढासळतात. टाकीतच काहीतरी सुटत असेल का?"

आता तुम्हीच बघा. लॅबमध्ये तीस वर्षं घालवलेला मी, आणि बरोबर निदान केलं होतं कुणी? पाणी बदललं की विष पातळ होतं, दोन दिवसांत पुन्हा साचतं. पण तो विचार माझा नव्हता ना — तिचा होता. मी म्हणालो, टाकीत काय सुटायचं हाय? काच आणि वाळू. मग उगाच पुन्हा मीठ मोजलं. थोडं जास्त निघालं. त्या आठवड्यात ऊन कडक होतं, पाणी आटलं असेल, एवढंच. पण मला बोट ठेवायला जागा मिळाली.

"तू मीठ दोनदा घातलंस," म्हणालो.

"मी? दोनदा?"

"मग काय मी घातलं?"

तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं की मी काय बोललोय. तिची आई तेव्हा वेंगुर्ल्याला अंथरुणावर होती. माणसं ओळखेना झाली होती. आणि त्या दुखण्याची पहिली खूण घरातल्या सगळ्यांना पाठ होती — आई आमटीत मीठ दोनदा घालायला लागल्या होत्या. हे मला माहीत नव्हतं का? होतं. शब्द परत घेता आला असता. तिथल्या तिथे. घेतला नाही.

त्या दिवसापासून ती मीठ मला मोजायला लावायची. मासे तरीही मरत राहिले, पण ती म्हणायची, आधीचंच बाधलं असेल. शेवटी काकी गेली, आणि दोन दिवसांनी आबा. सुलभा रडली नाही. "टाकी काढून टाका," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी मी टाकी रिकामी करायला घेतली. पंप बाहेर काढला आणि तो जोड हातात आला. हिरवा. नुसता हिरवा नाही, खड्डे पडलेला, अर्धा खाल्लेला. मी तसाच उभा राहिलो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं, आणि समुद्राच्या जिवांना ते विष. अहो, पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. धातूचा जाणकार म्हणवणाऱ्या मला आठवलं नाही. दोन महिने त्या टाकीकडे रोज बघत होतो, आणि आठवलं नाही.

तोवरची चूक होती. चूक कुणाचीही होते. त्याच्या पुढचं मात्र चूक नव्हे.

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तिने तिथूनच विचारलं, "काय सापडलं का हो?"

मी म्हणालो, "न्हाय. काय सापडायचं हाय?"

सोमवारी टाकीतलं बाटलीभर पाणी लॅबमध्ये नेऊन तपासलं. तांबं निघालं. म्हणजे शंकेला जागा राहिली नाही. जोड भंगाराच्या पोत्यात टाकला आणि घरी येऊन जेवलो.

का केलं असं? वाटलं, मासे तर गेलेच, आता सांगून काय होणार? वाटलं, चार दिवसांत विसरेल. पण ती विसरली नाही. ती घाबरली. रोज जेवायला वाढताना विचारायची, "आमटीत मीठ घातलंय ना मी? बघा हो जरा." मी चव घेऊन सांगायचो, घातलंयस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गॅस बंद केला का म्हणून पायऱ्यांवरून परत यायची. मुलांची गणिताची शिकवणी घ्यायची, ती बंद केली — आपण चुकीचं शिकवलं तर? स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिठ्ठ्या आल्या. दूध तापवणे. कुलूप. औषध.

मीच तिला डॉक्टरकडे नेलं. ऐकताय ना? मी. डॉक्टरांनी तासभर तपासलं, आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं काढायला लावली, आणि हसून म्हणाले, "वहिनी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे." त्यांनी विचारलं, ही शंका सुरू कधी झाली? तिने टाकीची गोष्ट सांगितली. अगदी पहिल्यापासून. मी शेजारच्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होतो. घरी येताना म्हणाली, "बरं वाटावं म्हणून बोलले हो ते."

पुढच्या वर्षी तिची आई वारली. वेंगुर्ल्याला, माणसं पांगल्यावर, पडवीत बसून सुलभा मला म्हणाली, "आता माझी पाळी." तेव्हा तरी बोलायला नको होतं का? तोंड उघडलं होतं मी. आणि म्हणालो — चहा घेतेस का?

अशी साडेचार वर्षं.

या फेब्रुवारीत, एका दुपारी, मयुरीचा फोन आला. मयुरी आमची सून, निखिलची बायको. पहिलटकरीण. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणून बाळंतपणाला सुलभाने पुण्याला यावं असं तिला वाटत होतं. फोन स्पीकरवर लावलेला, मला सगळं ऐकू येत होतं. सुलभा म्हणाली, "मी नाही येत गं. बाळाला अंघोळ घालताना पाण्याचा अंदाज चुकला तर? माझ्या हातात बाळ नका देऊ." मयुरी हसून म्हणाली, "आई, काहीतरीच काय!" पण सुलभा हसली नाही. फोन ठेवून ती मेथी निवडायला बसली. एक एक काडी उलटून पालटून बघत होती.

मी समोर जाऊन बसलो.

"सुलभा, मीठ तू एकदाच घातलं होतंस."

"कुठल्या भाजीत?"

"भाजीत न्हाय. टाकीत."

मग सगळं सांगितलं. जोड, हिरवा रंग, बाटलीतलं पाणी, भंगाराचं पोतं. शेवटी तिने विचारलं, "डॉक्टरांकडे गेलो तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आणि माझी आवस गेली तेव्हा?" आई म्हणायचं सोडून ती माहेरचा शब्द बोलली.

"तेव्हाबी."

तिने मेथीची पाटी बाजूला सरकवली. उठली, भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. फाडल्या नाहीत. नुसत्या ठेवल्या. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, ताट वाढायची. पण कशाची चव बघायला सांगितली नाही. बाराव्या दिवशी तिने स्वतः मयुरीला फोन लावला. "बाळंतपणाला मी येणार. तुझ्या आईला सांग, निर्धास्त ऑपरेशन करून घ्या म्हणावं." मार्चच्या शेवटी मी तिची बॅग स्टँडवर घेऊन गेलो. तिने ती माझ्या हातातून घेतली आणि एकटी एसटीत चढली. खिडकीतून बघितलं नाही.

एप्रिलमध्ये नात झाली. पहिल्या दिवसापासून अंघोळ सुलभाच घालते. मयुरी सांगते, पाण्यात कोपर बुडवून बघतात आणि मला एवढ्या ठामपणे "घाल पाणी" म्हणतात, की मला बघूनच धीर येतो. सव्वा महिन्याने मी बाळ बघायला गेलतो. सुलभाने नात माझ्या मांडीवर ठेवली, डोकं कसं धरायचं ते दाखवलं, आणि म्हणाली, "असं. हलवू नका." माझ्याशी एवढंच बोलली. मला तेही पुष्कळ वाटलं.

आता ती फोन करते. रोज नाही. जून महिन्यापासून तिथे चारचाकी शिकते आहे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी! शिकवणारी बाई ओरडते म्हणे, आणि सुलभा उलट ओरडते. परवा सांगत होती, चढावर गाडी थांबवून, मागे एक इंच न जाऊ देता पुन्हा चालू केली. बोलता बोलता हसली. तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला, ते मोजायचं धाडस झालं नाही.

तोच फोन ठेवता ठेवता म्हणाली, "निखिलला अजून मी काही बोललेली नाही. ते तुम्ही सांगायचं."

गणपतीला सगळे इकडे येतायत. निखिल, मयुरी, पोरगी. साताऱ्यापासून पुढे गाडी सुलभा चालवणार आहे म्हणे. आरती झाली की निखिलला समोर बसवून सांगणार आहे. मयुरीलाही. तो काय म्हणेल, ते म्हणेल. आपल्या आईला साडेचार वर्षं कुणी भीती घातली हे त्याला कळायला हवं.

सुलभाने मला माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारणार नाही. लोक म्हणतात, वहिनी पुण्याला जाऊन बऱ्या झाल्या. मी मान डोलवायचो. आता तेही सोडलंय. ती आजारी नव्हतीच. तिचं काहीही बिघडलेलं नव्हतं. मला ते पक्कं ठाऊक होतं, आणि मी तिला घाबरू दिलं.