हत्तीनं काय खाल्लं?

आखातातल्या अल ऐनला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई जेवायला बसल्या की समोरच्याच्या ताटाकडे नाही, दातांकडे बघायच्या. "तुम्ही सुपारी खाता, तीही डाव्या बाजूनं," असं भर पंगतीत सांगून मोकळ्या व्हायच्या. तेव्हापासून माझे यजमान त्यांच्यासमोर ओठ मिटूनच हसायचे.

बाईंचं कामच दातांचं, तेही वाळवंटात सापडलेल्या, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या हत्तीच्या. त्या दातांवर बारीक ओरखडे होते. बाई म्हणायच्या, "गवताचे आहेत. इथं कुरण होतं!" त्यांचे ऑफिसातले साहेब म्हणायचे, "मॅडम, रेत है रेत. खलास!"

खाल्लेल्या चाऱ्याची खूण दातात आतपर्यंत मुरते, वाळूची मुरत नाही. गवताची खूण वेगळी, झाडपाल्याची वेगळी. दात कोरून थोडी पूड तपासली की झालं. पण साहेब दाताला हात लावू देईनात. बाई रोज म्हणायच्या, "साहेब, चिमूटभर!" साहेब रोज म्हणायचे, "इन्शाल्ला."

अखेर ते इन्शाल्ला फळलं आणि पूड परदेशी प्रयोगशाळेत गेली.

मग एका रणरणत्या दुपारी आमची बेल वाजतच राहिली. दारात बाई, आणि मागे मिठाईचा डबा घेऊन खुद्द साहेब!

"गवत!" बाई ओरडल्या. "अहो, गवतच खायचा माझा हत्ती!"

"म्हणजे साहेबांनी ऐकलं एकदाचं," मी म्हटलं.

"वर्षभर माझ्या दातांच्या कण्या केल्या, तेव्हा नाही ऐकलं," बाई म्हणाल्या. "हत्तीच्या केल्या, तेव्हा ऐकलं!"