काकूंची भिंत

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. काल समोरच्या रिकाम्या घरात एक तरुण भिंतीवर टकटक करत पोकळ गिलावा शोधत होता, तेव्हा माझं हे घर विकत घेण्याआधी मी ते बघायला गेलो होतो, तो दिवस आठवला.

घर पार मोडकळीला आलं होतं. भाव उतरावा म्हणून मी मालकीणकाकूंना ऐकू जाईल अशा आवाजात मिस्त्रीला खर्च सांगत होतो. "छप्पर बदला, गिलावा सगळा उकरा. राहण्यासारखं काही उरलंच नाही इथं."

काकू चहा घेऊन आल्या. पाहुण्यांसमोर लेकराचं नाक पुसावं तशी त्यांनी भिंतीची ओल पदरानं पुसली. "उन्हाळ्यात सुकते हो," म्हणाल्या. मिस्त्री हसला. मीही हसलो.

मी म्हटलेल्या भावातच त्यांनी घर दिलं. गिलावा बराचसा शाबूत निघाला. घर घेताना दुरुस्तीचा अंदाज करावाच लागतो. पण ज्या घरात कुणी आयुष्य काढलं, त्याला त्या माणसादेखत नावं ठेवायची नसतात.

पुढे काकू लेकीकडे राहत होत्या, तिथं मी मुद्दाम गेलो. त्यांनीच आधी विचारलं, "घर त्रास देत नाही ना तुम्हाला?"

"नाही काकू, फार चांगलं आहे," म्हणालो. 'चुकलं माझं' म्हणायला गेलो होतो. ते राहूनच गेलं, आणि आता काकू नाहीत.